एक खांड, दोन ग्रामसभा

पेण म्हटलं की आमच्या सांगोल्याकडच्या माणसाला गणपती आठवतो. रोहा म्हटलं तर काहीच आठवत नाही. मलाही आठवत नव्हतं, खोटं कशाला बोलू? चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि पंधरा दिवस राहून आले. आता जो भेटतो तो विचारतो, "सरपंचबाई, कोकणात काय बघितलंत? समुद्र?" मी सांगते, समुद्र नाही बघितला, ग्रामसभा बघितली. लोकांना वाटतं बाईला ऊन लागलं. म्हणून सगळं नीट लिहून काढतेय.

बायकांना आरक्षण आलं त्या पहिल्याच खेपेला मी सरपंच झाले, आणि आम्हा नव्या सरपंचबायकांचं पुण्याला शिबिर लागलं. तिथं माझ्या खोलीत हिराबाई होती. पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावची सरपंच. काळी, उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला आणि बोलणं असं की समोरचा आधी घाबरतो, मग हसतो. शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर एकावर एक चौकोन काढले. खाली ग्रामपंचायत, वर पंचायत समिती, त्याच्यावर जिल्हा परिषद, मग राज्य, मग दिल्ली. मधे वर जाणारे आणि खाली येणारे बाण. हिराबाई माझ्या कानाला लागली, "आनि शेजारच्या गावाकडं जानारा बान कुठं हाय गो?" मी फिदीफिदी हसले. ती हसली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "ये एकदा. माझा बांध दाखवते तुला."

एक सांगून ठेवते. ही गोष्ट दोन गावांची आहे, आणि दोन्ही गावांची नावं मी लिहिणार नाही. लिहिली तर आधी कुणाचं लिहिलं यावरून तिथं पुन्हा जुंपेल. पेण तालुक्यातलं हिराबाईचं गाव ते अलीकडचं, रोहा तालुक्यातलं ते पलीकडचं. मी पेणकडून गेले म्हणून अलीकडचं, दुसरं काही कारण नाही.

पेण

वैशाखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रामवाडीच्या स्टँडवर उतरले. हिराबाई छत्री घेऊन उभीच होती. मी ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. तिनं तिथंच फडकं सोडलं, भाकरी वाजवून बघितली आणि म्हणाली, "ही काय खायाची हाय का घरावर घालायची?" पण अर्धी भाकरी उभ्या उभ्या संपवली, ते मी बघितलं.

पंचायत समितीत तिचं काम होतं, म्हणून आम्ही तिकडे गेलो. काम काय ते वाटेत कळलं. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचा बांध राखलेला आहे. तो फुटतो त्या भगदाडाला म्हणतात खांड. होळीच्या सुमाराला खांड पडली होती, बैलगाडी आरपार जाईल एवढी. तेव्हापासून दर पौर्णिमेला आणि अमावास्येला, म्हणजे उधाणाच्या भरतीला, खारं पाणी आत घुसत होतं आणि दर खेपेला थोडं पुढं सरकत होतं. शेतात तीन वर्षं भात होणार नाही ते एक, आणि गावाचं पिण्याचं तळं होतं ते दुसरं. तळ्याच्या काठापासून पाणी आता हाकेच्या अंतरावर होतं.

"ह्या अवसेला तळ्यात शिरतंय बघ," हिराबाई म्हणाली. "मग तुमच्यासारखा आमच्याकडं पन टँकर."

टँकर म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. टँकरच्या पाईपला लागलेली भांडणं सोडवण्यातच माझं निम्मं सरपंचपद गेलेलं.

कचेरीतल्या बाबूंनी फाईल काढली, अगदी आदरानं समोर ठेवली. त्यात दोन ठराव होते. एक अलीकडच्या गावाचा: खांड आमच्या हद्दीत आहे, तरी ती भरण्याचं काम आमच्या ग्रामपंचायतीमार्फत व्हावं. दुसरा रोह्याहून आलेला, पलीकडच्या गावाचा: खांड आमच्या हद्दीत आहे, तरी ती भरण्याचं काम आमच्या ग्रामपंचायतीमार्फत व्हावं. शब्दाला शब्द तोच! बाबू म्हणाले, "ताई, एका भोकाला दोन मालक. आम्ही कुणाच्या नावानं पुढं पाठवायचं? हद्दीची मोजणी होऊ द्या."

मी डोक्याला हात लावला. आमच्याकडे रस्त्यात खड्डा पडला की दोन्ही गावं काखा वर करतात, आणि इथं दोन गावं भोकासाठी भांडत होती.

"मग काय करनार?" हिराबाई फणकारली. "खांड त्यांची म्हटली की बांध त्यांचा. बांध त्यांचा म्हटला की बाहेरचं खाजण त्यांचं. मग आमच्या बायांनी चिंबोऱ्या कुठं पकडायच्या, तुझ्या सांगोल्यात?"

खाजण म्हणजे बांधाबाहेरची चिखलाची जमीन. भरती ओसरली की तिथं खेकडे आणि मासे मिळतात. तिच्यावरून दोन गावांचा वाद हिराबाई सून होऊन आली त्याच्याही आधीपासूनचा. आणि म्हणून शेतात पाणी शिरत असताना दोन्हीकडचे लोक एकमेकांना खांडीला हात लावू देत नव्हते.

बांधावर

दुसऱ्या दिवशी दुपारी भरतीच्या वेळेला तिनं मला बांधावर नेलं. चालताना उजव्या हाताला खाडी, डाव्या हाताला शेतं, आणि मधे दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी मातीची वाट. मी आयुष्यात एवढं पाणी एका ठिकाणी बघितलेलं नव्हतं. आधी चिखल होता, त्यात कसले कसले पक्षी चोची मारत होते. बघता बघता चिखल दिसेनासा झाला. आवाज नाही, लाट नाही. पाणी नुसतं वर येत होतं.

मग ते खांडीतून आत शिरायला लागलं आणि मला कसंसंच झालं. आम्ही पाण्याच्या मागं धावणारी माणसं. इथं पाणी यांच्या मागं लागलेलं. शेतात मागच्या उधाणाचा पांढरा थर होता, तो पुन्हा भिजला. लांब मिठागरात गावातल्या बायका डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत होत्या. मीठ जिथं पिकायचं तिथंच पिकावं, भाताच्या खाचरात नको.

आमच्याबरोबर हिराबाईचे सासरे आले होते, आबा. काठी टेकत, पण माझ्यापेक्षा भराभर. ते म्हणाले, "आमच्या येळंला बांध फुटला की घरटी एक मानूस. घरात मयत असली तरी एक मानूस बांधावर. हद्द कुनाची ते इचारायचा नाय. आधी चिखल टाकायचा, मग भांडायचा."

"मग आता काय झालं?" मी विचारलं.

"आता आधी भांडतो," आबा म्हणाले.

त्या रात्री जेवायला जिताडा होता. आम्ही मटण खाणारी माणसं, मासा मला ठाऊक नाही. हिराबाईनं मोठा तुकडा वाढला आणि मी मटणासारखाच चावला. झालं! काटा घशात. डोळ्यांतून पाणी, बोलता येईना. तिनं तांदळाच्या भाकरीचा गोळा करून माझ्या तोंडात कोंबला, "गिळ! चावू नको, गिळ!" काटा गेला. वर आबा शांतपणे म्हणाले, सरपंच हाय ना, ठराव करायची सवय, खायची नाय. पण चव म्हणाल तर अजून जिभेवर आहे. आणि दुसऱ्या दिवशी मला न विचारता वालाचं बिरडं केलं होतं.

रोहा

बांधाचं काम बघणारे साहेब रोह्यात बसत होते. सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी गेलो. कुंडलिका नदी भर वैशाखात वाहत होती, आणि मी पुलावर उभी राहून ती नुसती बघत राहिले. हिराबाईनं मला दंडाला धरून ओढत नेलं.

कचेरीच्या ओट्यावर एक जाडजूड गृहस्थ पेपरनं वारा घेत बसले होते. हिराबाईचा चेहरा आवळला. पलीकडच्या गावचे सरपंच, दामूभाऊ. तेही त्याच कामाला आले होते.

"काय हिराबाय, आमची खांड बगायला आली?"

"तुमची? तुमच्या बापानं पाडली काय?"

साहेबांनी दोघांना आत बोलावलं, हिराबाईमागून मीही शिरले. तरुण होते, बोलणं मऊ, आणि टेबलावर बांधाचा नकाशा होता. दोघांचं पंधरा मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मोजणीला महिने लागतील. अमावास्या बारा दिवसांवर आहे. तुम्ही दोघांनी हद्दीचा वाद जिथल्या तिथं ठेवून, खांड दोन्ही गावांनी मिळून भरावी, असा एकच मजकूर आपापल्या ग्रामसभेत मंजूर करून द्या. मी एकच फाईल करून जिल्ह्याला पाठवतो. पक्कं काम मंजुरीनंतर होईल. पण ठरावात हात लावायची तुमची संमती आली, की रिकामी पोती आणि बांबू माझ्या गोदामातून दुसऱ्याच दिवशी निघतील. तेवढं माझ्या अधिकारात आहे."

तेवढं माझ्या अधिकारात आहे! हे वाक्य मी किती कचेऱ्यांत ऐकायला तरसले आहे. बहुतेक ठिकाणी अधिकारात काय नाही तेच सांगतात.

दामूभाऊ पेपरनं वारा घेत राहिले. हिराबाईही हो म्हणेना. मला कळेना, सरळ तर काम आहे. मग ती माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "आमची नाय म्हटली, दोघांची म्हटली, तर गावातले बापे म्हनतील बाईनं खाजण देऊन टाकलं. पुन्हा मला कोन विचारतो?"

खुर्ची गेली असती तिची. गावात मान गेला असता, तो वेगळाच. मी काय सांगणार? माझं गाव नव्हतं, माझं तळं नव्हतं.

तिनं नकाशा स्वतःकडे ओढला, खांडीवर बोट ठेवलं. मग साहेबांना म्हणाली, "ते हद्दीचं वाक्य पयलं लिवा. 'हद्दीचा वाद जिथल्या तिथं ठेवून.' ते पयलं असलं तरच मी सही करते." दामूभाऊ म्हणाले, "मी पन."

मग कुणाच्या गावाचं नाव आधी यावरून अर्धा तास गेला. शेवटी साहेबांनी दोन प्रती केल्या, एकीत हिचं गाव आधी, दुसरीत त्यांचं. सभा कुठं घ्यायची यावरून आणखी अर्धा तास. पलीकडचे अलीकडे येणार नाहीत, अलीकडचे पलीकडे जाणार नाहीत, आणि वेगवेगळ्या घेतल्या तर एका गावानं मजकूर बदलला असं दुसरं म्हणणार. तेव्हा हिराबाईच बोलली, "खांडीवर घेऊ. तुमची मानसं तुमच्या काठाला, आमची आमच्या. पानी ओसरलेलं असलं की सगळ्यांना सगळं ऐकू येतं."

साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "कायद्यात बसतं," ते म्हणाले. "दोन्ही सभा आपापल्याच हद्दीत होतील."

बसतं म्हणजे काय, चपखल बसलं. मला त्या क्षणी तिचा एवढा अभिमान वाटला की रोह्याच्या बाजारात मी तिला बळेबळे कोकम सरबत पाजलं. मोजून सात दिवसांची नोटीस द्यावी लागणार होती, म्हणजे सभा वद्य दशमीला. मी बूथवरून घरी फोन केला, मुक्काम वाढला म्हणून सांगितलं. आमचे हे म्हणाले, "तिकडंच निवडून आलीस का?" मी म्हटलं, अजून नाही.

दशमी

सभेच्या दिवशी दुपारी ओहोटी होती. खांडीच्या तळाशी गुडघाभर चिखल. पलीकडच्या काठावर दामूभाऊंची माणसं पांढऱ्या टोप्या घालून रांगेत बसलेली, भरपूर. आणि आमच्या काठावर? आबा, ग्रामसेवक, शाळेतले गुरुजी, आणखी थोडीफार माणसं, आणि एक परकी मी. आठवडाभर गावात कुजबुज चालली होतीच. बापे मंडळी, म्हणजे गावातले पुरुष, देवळाच्या पारावर बसून राहिली होती. येणारच नव्हती.

ग्रामसेवकांनी डोकी मोजली, वहीकडे बघितलं. "गणपूर्ती होत नाही, बाई. सभा तहकूब करावी लागेल."

तहकूब म्हणजे पुढची तारीख. पुढची तारीख म्हणजे अमावास्येनंतर. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "काय झालं? बाईच्या गावात मानसं नाय?" मला असा राग आला म्हणून सांगू! पण मी मतदार नव्हते. माझं डोकं मोजणीत धरता येत नव्हतं.

हिराबाई बांधावरून मिठागराच्या दिशेनं चालायला लागली. पळत नाही, चालत. लांबवर ती थांबली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून तिनं हाक मारली. काय ओरडली ते मला ऐकू आलं नाही. पण मिठागरात एकेक पाटी खाली उतरलेली दिसली.

आणि बायका आल्या. बांधाच्या अरुंद वाटेवरून एकीमागं एक. पाय मिठानं पांढरे, काष्टे खोचलेले, तोंडावर ऊन. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या डोक्यावर रिकामी पाटी तशीच. येऊन काठावर बसल्या. रांग संपेचना. एका तरुण पोरीनं विचारलं, "काय गो हिराबाय, बायांच्या बसन्यानं चालतं ना?"

ग्रामसेवकांनी चष्मा सारखा केला. "चालतं म्हणजे? मतदार आहात तुम्ही. पूर्ण चालतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. येणारच! ग्रामसभेत बाईनं बसायचं ते दाराबाहेर, हे मी माझ्या गावात बघत आले. इथं बायकांनी सभा उभी केली होती.

इकडे आमच्या ग्रामसेवकांनी मजकूर वाचला, तिकडे त्यांच्या ग्रामसेवकांनी. शब्दाला शब्द. हद्दीचा वाद जिथल्या तिथं ठेवून. हिराबाईनं विचारलं, "मंजूर?" आमच्या काठानं हात वर केले. दामूभाऊंनी विचारलं. त्यांच्या काठानंही केले. मग आबा उठले, काठी माझ्या हातात दिली, आणि कुणाला काही न विचारता खांडीत उतरले. चिखलाचा एक गोळा उचलून त्यांनी पायाशी टाकला. "ठराव झाला ना? मग बसलात काय?"

पार मोकळा व्हायला वेळ लागला नाही. बायका खांडीत उतरल्यात आणि पलीकडचे बापे बघतायत, ही बातमी गावात गेली, आणि अलीकडच्या बाप्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फावडी घेऊन पळत आले. चार दिवस घरटी एक माणूस होता, दोन्हीकडून. रोह्याहून पोती आली, बांबू आले. साहेब स्वतः पँट दुमडून चिखलात उभे राहून पोती कशी रचायची ते सांगत होते, आणि बायका त्यांना ती कशी रचायची नाहीत ते सांगत होत्या. मीही चिखल वाहिला. पहिल्याच दिवशी मांडीपर्यंत रुतले. मला बाहेर काढलं ते दामूभाऊंनी, आणि माझी एक चप्पल तिथंच राहिली. भांडण तर रोज होत होतं. पोतं कुणी वाकडं लावलं, चिखलात कालवायचा पेंढा कुणाचा कमी पडला. पण हात थांबत नव्हते.

अमावास्या

अमावास्येला दुपारी दोन्ही गावं बांधावर होती. मध्यरात्रीची भरती बाकी होती तोवर कुणाच्या जिवात जीव नव्हता. ती बांधानं धरली, पण दुपारची मोठी असते म्हणतात. पाणी वर येत होतं, त्याच्या त्या बिनआवाजाच्या रीतीनं. नव्या मातीला लागलं. आणखी वर आलं. एका जागी पोत्यांमधून धार फुटली आणि दोघीजणींनी एकदम त्यावर चिखल दाबला. एक अलीकडची होती, एक पलीकडची. दोघी तिथंच पालथ्या पडून राहिल्या, हात तसेच दाबून.

मग ते थांबलं. काठाच्या वीतभर खालपर्यंत चढलं आणि तिथंच राहिलं. आबा म्हणाले, "फिरला." पाणी उलट वाहू लागलं होतं. जिल्ह्याची मंजुरी अजून यायची होती, पक्का बांध अजून व्हायचा होता, हद्दीची मोजणी तर कधी होईल देव जाणे. पण माझी छाती अशी फुगली होती, जणू बांध मीच घातला.

हिराबाई मात्र तिथं थांबली नाही. शेतातून सरळ तळ्याकडे निघाली. मी अनवाणीच तिच्या मागं. काठाची माती पांढरी नव्हती, तरी तिचा भरवसा नव्हता. ती खाली उतरली, ओंजळ भरली आणि तोंडाशी नेली. तिनं गिळलं. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा प्याली, आणि तोंडावरून ओला हात फिरवून तशीच बसून राहिली. तिला रडू येत होतं आणि ते मला दिसू नये असं तिला वाटत होतं.

बांधावरून दामूभाऊंची हाक आली, "हिराबाय! कसं हाय गो पानी?"

ती उठली. मग एवढ्यानं ओरडली की तळ्यावरचे बगळे उडाले.

"गोड हाय! या तुम्ही पन, सगळी या प्यायला!"